एकच फुटवा ठेवावा

११ फेब्रुवारी २००१

पुण्याहून परतले. रिक्षा फाटकाशी थांबली तेव्हा वाटले, रिक्षावाल्याने पत्ता चुकवला. आमच्या फाटकापाशी एवढे ऊन कधीच नसते.

वड तोडला आहे.

भाचीच्या लग्नासाठी मी आठवडाभर बाहेर काय गेले, या लोकांनी डाव साधला. सोसायटीचे नाव 'वनश्री'. ही पाटी आता उन्हात लखलखते आहे आणि तिच्याखाली एक बुडखा उरला आहे. तोडण्याची रीत पाहून तर रक्त उसळले. कंबरेएवढ्या उंचीवर कसाही मारलेला काप, साल फाटून लोंबते आहे, चीक वाळून काळा पडला आहे. ज्याने हे केले त्याला मी प्रथम वर्षाच्या प्रात्यक्षिकात काकडीचा छेदसुद्धा घेऊ दिला नसता.

मालनबाई नेहमीच्या जागी होती. मखमलाबादहून रोज फुले आणि भाजी घेऊन येते आणि वडाच्या सावलीत पाटी मांडते. आज डोक्यावर ओला पंचा घेऊन बसली होती. शेवंतीच्या वेण्या माना टाकून पडल्या होत्या.

"बाई, मी म्हनलं त्यांना, दाणी बाईंना येऊ द्या. तर चेअरमन म्हने, त्या यायच्या आतच पाडायचाय."

"आणि तू बघत बसलीस?"

"मग काय करू? झाडाला मिठी मारू? माझी पाटी कोन सांभाळल?"

या बाईकडून मला अपेक्षा नव्हती. पण इथल्या पदवीधरांपैकी एकानेही तोंड उघडले नाही, हे लिहून ठेवते.

१३ फेब्रुवारी

अध्यक्ष बोरस्ते यांना त्यांच्या घरी जाऊन गाठले. अंबडला त्यांचा सुटे भाग घडवण्याचा कारखाना आहे. त्यामुळे सजीव आणि निर्जीव यांतला फरक त्यांना माहीत असण्याचे कारण नाही.

"अहो मॅडम, पक्षी घाण करायचे. गाडीचा रंग गेला माझ्या."

"सोसायटीचे नाव वनश्री आहे."

"नाव बिल्डरने ठेवलंय. मी नाही."

बुडखा उपटून फाटक रुंद करायचे आणि तिथे दोन गाड्या उभ्या करायच्या, असा त्यांचा बेत आहे. बुडखा सुकला की मशीन बोलावणार. मी म्हणाले, तो सुकणार नाही. वड मेलेला नाही. तुम्ही फक्त त्याचे डोके उडवले आहे. बुडख्यापासून मी तो पुन्हा उभा करून दाखवीन.

ते हसले. आतून त्यांच्या पत्नीने डोकावून पाहिले. मग त्यांनी एखाद्या लिलावात बोली लावावी तशा स्वरात सांगितले, "ठीक आहे. पुढच्या वर्षी जूनअखेर माझ्या उंचीचं झाड तिथं उभं असलं, तर मी पार्किंगचं नाव काढणार नाही. नाही तर मशीन येणार."

"आणि मालनबाई?"

"ती झाडाखाली बसायची. झाडच नाही तर ती कशाला हवी? फाटकात गाड्या उभ्या राहतील, ती काय टपावर बसणार आहे?"

परत येताना मालनबाईला हे सांगितले. सांगायला हवेच होते. तिच्या पोटाचा प्रश्न आहे. तिने मोगऱ्याच्या कळ्या ओवता ओवता विचारले, "तुमच्याच्यानं होईल का पर?"

मी वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आहे. तीस वर्षे शिकवले आहे. हा प्रश्न मला कोणी विचारलेला नाही.

१८ फेब्रुवारी

पेठ रोडच्या वखारीतून धोंडीराम नावाचा कापणारा आणला. बुडखा जमिनीपासून वीतभर ठेवून नव्याने कापायला सांगितला: काप तिरका, पाणी निथळून जाईल असा, कडा गुळगुळीत, साल कुठेही खोडापासून सुटता कामा नये. तो पुटपुटत होता, "मेलेल्या म्हशीची हजामत." मी तिथेच उभी राहिले आणि त्याच्याकडून कड तीनदा तासून घेतली. शेवटी तो म्हणाला, "बाई, तुमच्या घरातल्या मानसांचं कसं होत असंल?"

माझ्या घरात माणसे नाहीत. तसे मी त्याला सांगितले. मग तो काम नीट करू लागला. लोकांना स्पष्ट उत्तर मिळाले की त्यांचे हात नीट चालतात, हा माझा अनुभव आहे.

कापाला बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, मी स्वतः लावली. वरच्या मजल्यांवरून बायका बघत होत्या. एकीने मुलाला म्हटलेले मला ऐकू आले, "दाणी मॅडम झाडाला मलम लावतायत."

८ एप्रिल

फुटले.

सालीच्या कडेने लालसर टोकांचे कोंब. बुडाशीही आहेत. हे होणारच होते. तरीही भिंगातून पुन्हा पाहून आले.

परंतु मालनबाईवर संताप आला. तिने माझ्या बुडख्यावर ओले गोणपाट पसरले होते आणि त्यावर फुलांच्या जुड्या मांडल्या होत्या! म्हणे, "गार ऱ्हातं." दिवसभर त्यावर पाणी शिंपडत बसते. ओल्या गोणपाटाखाली बुरशी धरते, हे मी तिला समजावून सांगितले. तिने ते ऐकले आणि गोणपाट उचलले. संध्याकाळी मी दूध आणायला गेले तर पुन्हा तिथेच.

"कालपासून नाय बाई, फागुनापासून टाकतेय. तुम्हाला आज दिसलं."

या हलगर्जीपणानंतरही कोंब आले, हे निव्वळ माझ्या कापाचे यश.

२० मे

ऊन भयंकर. मालनबाईकडे माझी जुनी काळी छत्री आहे. दिली नाही, एकदा तिथे विसरले आणि परत मागायची राहून जाते आहे. तिने ती बांबूला बांधून टाकली आहे. वस्तूची किंमत नसलेली माणसे.

५ ऑगस्ट

आज विरळणी केली.

बुडख्याला सोडून दिले तर तो वाटेल तितके फुटवे काढतो. सगळे एकाच मुळावर जगू पाहतात, एकमेकांचा उजेड खातात, आणि शेवटी झाड न होता झुडूप होते. म्हणून नियम असा: एकच फुटवा ठेवावा, बाकीचे निर्दयपणे काढावेत. दया ही विरळणीतली सर्वांत मोठी चूक. एम.एस्सी.च्या वर्गाला मी हे वाक्य लिहून देत असे.

कात्री घेऊन बसले तोच मालनबाई धावत आली.

"अवं बाई, काय करता? येवढं दाट झालंय. फुडच्या उन्हाळ्यात त्याचीच सावली मिळंल मला."

"ही सावली नव्हे, ही गर्दी आहे. मी इथे वृक्ष उभा करते आहे. तीस वर्षांनी याच्याखाली बाजार भरेल."

"तीस वर्सांनी माझं डोकं कुठं असंल बाई? आन् तुमचं?"

असल्या युक्तिवादाला उत्तर देण्यात अर्थ नसतो. मी कापत राहिले. तिने कापलेले फुटवे गोळा केले आणि शेळीवाल्याला देऊन टाकले. आज तिने मला नेहमीची वेणी पुढे केली नाही. मी कधी घेत नाहीच. पण पुढे करायची तिची पद्धत आहे.

कोणता ठेवावा याचा मात्र विचार करावा लागला. ग्रंथांचे मत, बुडाशी जमिनीलगत फुटलेला ठेवावा. त्याची पकड पक्की असते. कापाच्या कडेवरचा फुटवा नुसत्या सालीला धरून असतो, असे म्हणतात. परंतु बुडाशी होते ते सगळे वाकडे, एक तर रस्त्याकडे हात पसरल्यासारखा. कडेवरचा एक मात्र असा सरळ, इतका नेमका, की आखूनही रेघ तशी यायची नाही. ग्रंथ सर्वसाधारण परिस्थितीसाठी असतात. माझ्या देखरेखीखाली असलेल्या झाडाला सर्वसाधारण म्हणता येणार नाही. तोच ठेवला. शेजारी बांबू रोवून त्याला सैल बांधले.

२ डिसेंबर

शेळी, क्रिकेटचा चेंडू आणि वर्तमानपत्र टाकणाऱ्याची सायकल या तिघांपासून फुटवा वाचला आहे. तिघांशीही भांडले. सायकलवाल्याने उद्यापासून वर्तमानपत्र खालीच टाकून जाईन अशी धमकी दिली. टाक म्हणाले.

१० मार्च २००२

बोरस्ते फाटकात थांबले, फुटव्याशेजारी उभे राहिले आणि हाताने आपल्या डोक्याची पातळी पाहिली. फुटवा त्यांच्या कानापर्यंत आला आहे.

"मॅडम, टाचा उंच करून उभं केलंय का?" असे म्हणून स्वतःच हसले.

"जूनअखेर तुम्हाला मान वर करावी लागेल," मी म्हणाले.

मालनबाई मागून म्हणाली, "सायेब, तवा मी तुम्हाला हार घालीन. फुकट."

ते निघून गेल्यावर मी तिला बजावले की प्रतिपक्षाशी सलगी करू नये. ती म्हणाली, "बाई, मला रोज हितंच बसायचंय. तुमच्यासारखं वर जाऊन दार लावून घेता नाय येत."

१६ जून

बोरस्त्यांना आता मान वर करावी लागते. दोन आठवडे उरले आहेत आणि जिंकल्यात जमा आहे. परंतु आजची नोंद दुसऱ्या कारणासाठी.

दर वटपौर्णिमेला या शहरातल्या बायका वडाच्या फांद्या विकत आणून कुंडीत खोचतात आणि त्याला फेरे मारतात. पतीच्या आयुष्यासाठी झाडाचे हातपाय तोडायचे! मी महिला मंडळाच्या बैठकीत गेले. सचिव ललिता पगार ही माझी जुनी विद्यार्थिनी. वरच्या मजल्यावर राहते. मी पंधरा मिनिटे बोलले. म्हणाले, माझा या व्रतावर काडीचाही विश्वास नाही. पण करणारच असाल तर तोडलेल्या फांदीची करू नका, जिवंत झाडाची करा. फाटकात वड आहे, त्याच्याजवळ या.

टाळ्या झाल्या. मला आश्चर्य वाटले.

ललिता म्हणाली, "मॅडम, मी शेजारच्या सोसायट्यांना पण सांगते. तुम्ही माझ्या जर्नलवर 'आकृत्या अस्वच्छ' असा शेरा मारला होतात, आठवतंय? बघा, हे काम मी किती स्वच्छ करते ते."

आठवत नव्हते. पण शेरा योग्यच असणार.

२३ जून

उद्या वटपौर्णिमा. बुडख्याभोवतीची जागा झाडून घेतली. बांबू काढून टाकला. पूजेला येणाऱ्यांना झाड काठीच्या आधाराने उभे असलेले दिसावे हे मला पटेना. ते स्वतःच्या बळावर उभे आहे. सरळ.

२४ जून

आज अक्षर वाईट येईल. येऊ दे.

सकाळी बायकांची रांग लागली तेव्हा मला, खरे सांगते, अभिमान वाटला. शेजारच्या तीन सोसायट्यांतल्या आल्या. काठापदराच्या साड्या, ताटे, आंबे, सुताची रिळे. कोणाच्याही हातात तोडलेली फांदी नव्हती. मालनबाईच्या पाटीतली फुले नऊ वाजायच्या आतच संपली. ती पहिल्यांदा मला म्हणाली, "बाई, तुम्ही चांगलं केलं."

मग फेरे सुरू झाले. माझ्या लक्षात यायला हवे होते. आले नाही, कारण असा मूर्खपणा मला सुचतच नाही. प्रत्येक बाई बुडख्याभोवती सात फेरे घालते आणि सूत गुंडाळते कशाला? त्या एकमेव, अंगठ्याएवढ्या जाड फुटव्याला. एकीचे सूत दुसरीच्या सुतात अडकते, रीळ ओढले जाते. तांब्यांचे पाणी बुडख्यावर. मी वरून खिडकीतून ओरडले, "ओढू नका!" खालून ललितेने हात हलवला. तिला वाटले मी शुभेच्छा देते आहे.

मी जिन्यात असतानाच आवाज आला. मोठा नव्हता. ओले फडके फाटावे तसा.

बोरस्तेबाईंच्या हातात रीळ होते. फुटवा आडवा पडला होता, सालीची एक लांब चिंधी घेऊन. कापाच्या कडेवरून सरळ सोलून निघाला.

मी काय बोलले ते सगळे आठवत नाही. हे मात्र आठवते: "सात जन्म हाच नवरा मागता, त्यातला एक तरी जन्म डोके वापरायला मागा!" बोरस्तेबाई रडू लागल्या. ललिता म्हणाली, "मॅडम, चुकून झालं." मी म्हणाले, "तुझ्या आकृत्या अजूनही अस्वच्छच आहेत."

आणि त्यानंतर, हे मी कधीही विसरणार नाही, त्या बायकांनी फेरे पूर्ण केले. अर्धे सोडता येत नाहीत म्हणे. फुटवा नाही तर बुडखा. सगळे सूत बुडख्याला गुंडाळले, गाठ मारली, हळदकुंकू वाहिले. सगळ्यांत शेवटी मालनबाईने पाटीतला फुले ओवायचा दोरा घेतला आणि तिनेही फेरे मारले. तिचा नवरा किती वर्षांपूर्वी सुरतेला गेला तो गेलाच!

मी सर्वांसमक्ष जाहीर केले, "हे सूत मी उद्या कापून टाकणार आहे."

२५ जून

दिवसभर पाऊस. सूत कापायला जाता आले नाही.

बोरस्ते छत्री घेऊन दारात आले. बसले नाहीत. "मॅडम, वाईट वाटलं. आमच्या हिच्याच हातून व्हावं... पण ठरलं होतं ते ठरलं होतं. झाड नाही. शनिवारी मशीन येतंय, चांदवडहून."

मी म्हणाले, बुडखा जिवंत आहे, तो पुन्हा फुटेल. एक वर्ष द्या.

हे वाक्य मी कसे बोलले कोणास ठाऊक. विनंतीसारखे ऐकू गेले असावे, कारण त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला, आणि तो मला मुळीच सहन झाला नाही. मी दार लावून घेतले.

२७ जून

मालनबाई पावसात बुडख्याशेजारी बसते. पाटीवर प्लास्टिक. तिला विचारले, शनिवारनंतर कुठे बसणार? म्हणाली, "पंचवटीत समद्या जागा धरलेल्या हायेत. कुनी बसू देत नाय. बघू." मग म्हणाली, "त्या पगारबाईंशी बोला ना तुम्ही. रडत व्हत्या."

ज्यांनी झाड मोडले त्यांची मी क्षमा मागायची? इतके अधःपतन अद्याप झालेले नाही.

२९ जून

आज जे घडले ते क्रमाने लिहिते. मला स्वतःला ते नीट पाहायचे आहे.

दहाच्या सुमारास जेसीबी आले. चालकाचे नाव भिकन. सडपातळ, गळ्यात रुमाल. यंत्र फाटकातून आत घेतले, खोरे खाली आणले, आणि बुडख्यापासून हातभर अंतरावर थांबवले. खाली उतरला. उकिडवा बसून पाहू लागला.

"सायेब, हितं तर सूत हाय."

"मग?" बोरस्ते म्हणाले.

"ताजं हाय. सोमवारचं."

"अरे, मग काय झालं?"

"मग मी नाय खोरं लावनार. माझ्या बायकोनंबी बांधलंय सोमवारी, आमच्या गावात. आधी सूत सोडा, मंग मी दोन मिन्टांत उपटतो."

बोरस्त्यांनी पहारेकऱ्याला सांगितले, सोड. पहारेकरी म्हणाला, "साहेब, माझं लग्न झालंय," आणि पाण्याची मोटर बघायला निघून गेला. एव्हाना सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. बोरस्ते स्वतः पुढे झाले, वाकले. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "अहो! त्यात माझं पण आहे!"

ते तसेच वाकलेले राहिले. कोणीतरी हसले. "काका, स्वतःचीच दोरी कापताय होय?" ही ललिता. ती खाली आली होती. तिच्यामागे आणखी काही बायका. एकही माझ्याकडे पाहत नव्हती.

मग बोरस्ते सरळ झाले आणि त्यांना मी दिसले.

"मॅडम! तुमचा तर विश्वास नाही ना या सगळ्यावर? तुम्ही सर्वांसमोर सांगितलं होतं, कापणार म्हणून. आमच्या हातून नाही होणार, बायको घरात घेणार नाही. तुम्ही कापा. तुम्हीच शास्त्राच्या बाजूने आहात इथे."

त्यांच्या बोलण्यात तार्किक दोष नव्हता. मी मनातल्या मनात शोधला, नव्हता. सूत म्हणजे कापसाचा पीळ. त्याने कोणाचे आयुष्य वाढत नाही आणि तुटल्याने कमी होत नाही. हे मी तीस वर्षे सांगत आले. कात्री माझ्या पिशवीत होती. सकाळी नेहमीप्रमाणे घेऊनच खाली उतरले होते. मी ती बाहेर काढली असती, तर सोमवारच्या त्या सगळ्या मूर्खपणाला एका क्षणात योग्य उत्तर मिळाले असते. आणि दोन मिनिटांत बुडखा गेला असता.

सगळे माझ्याकडे पाहत होते. मालनबाई पाहत नव्हती. ती पाटीतल्या जुड्या एका बाजूला ओढून घेत होती, उठून जाण्याच्या तयारीत असल्यासारखी.

मी म्हणाले, "कात्री धार लावायला दिली आहे."

"चाकू देतो मी घरातून."

"चाकूने कापणे अशास्त्रीय आहे," मी म्हणाले. "पीळ विस्कटतो."

हे वाक्य माझ्या तोंडून गेले. सुताच्या बाबतीत! ललितेने पदर तोंडावर धरला. भिकन मान डोलावत म्हणाला, "बाईंचं बरोबर हाय," आणि जाऊन यंत्रात बसला. त्याने यंत्र मागे घेतले. बोरस्ते काहीतरी म्हणत होते, पुढच्या शनिवारी, दुसरा माणूस. तेव्हा ललिता त्यांना अगदी गोड स्वरात म्हणाली, "काका, सूत आपोआप गळून पडेपर्यंत हात लावत नाहीत. आणि ते गळेपर्यंत पुढची वटपौर्णिमा येईल. आम्ही सगळ्या पुन्हा येणार आहोत. काकूसुद्धा."

तिसऱ्या मजल्यावरून काकूंनी होकार दिला.

मी वर आले. मी आयुष्यात विद्यार्थ्यांचे गुण एकानेही वाढवलेले नाहीत, मंगळसूत्र-मुहूर्त-पत्रिका यांपैकी कशालाही मान दिलेला नाही. आज एका बुडख्यासाठी मी अंधश्रद्धेच्या आडोशाला उभी राहिले आणि खोटे बोलले, तेही इतके निकृष्ट की चांदवडच्या जेसीबीवाल्याने मला पाठिंबा द्यावा. झाड वाचले ते माझ्या कापाने नव्हे, बोर्डो पेस्टने नव्हे, विरळणीने तर नव्हेच. ज्यांनी ते मोडले त्यांनीच, आणि मोडण्याच्याच कृतीने, वाचवले. याचा मला इतका राग आला आहे की जेवण गेले नाही.

३० जून

बोरस्ते फाटकात भेटले. मान खाली घालून गाडी बाहेर काढली. पार्किंगचा विषय नाही.

मालनबाईने आज दोन वेण्या पुढे केल्या. नको म्हणाले. तिने त्या माझ्या पिशवीवर ठेवल्या. पिशवीत कात्री होती. तिने ती पाहिली, मी पाहिले की तिने पाहिली.

१८ ऑगस्ट

बुडखा चोहोबाजूंनी फुटला आहे. कडेने, बुडाशी, जिथे डोळा असेल अशी माझी कल्पनाही नव्हती तिथून. कोणताही सरळ नाही. हे झाड नाही, हे झुडूप आहे. आणि ते निर्लज्जपणे वाढते आहे. मालनबाईची पाटी आताच अर्धी सावलीत असते. विरळणीची वेळ झाली आहे. खरे तर टळून चालली आहे.

आज कात्री खरोखरच धार लावून आणली आणि खाली गेले. मालनबाईने मधे हात घातला.

"बाई, आता नाय. कापायचं तर आधी सूत तोडावं लागंल. फुटवं समदं सुतातून वर आलंय."

"तुला काय पडले आहे त्या सुताचे? ज्या माणसाने तुला एक पत्र पाठवले नाही, त्याच्या आयुष्यासाठी दोरा बांधतेस, लाज वाटत नाही?"

ती हसली. दातांत दोरा होता, तो काढला. "त्याच्यासाठी कशाला बांधू? त्याचं तो बघंल. मी माझ्या जागंसाठी बांधलंय."

मी म्हणाले, वटपौर्णिमेच्या व्रतात अशी तरतूद नाही. म्हणाली, नसंल. मग टपरीवर चहा प्यायला जाते म्हणाली, आणि जाताना पाटीकडे बोट दाखवले: "जरा बघा."

मी पाटी बघत उभी राहिले. फाटकात कोणी नव्हते, गॅलऱ्यांत कोणी नव्हते. कात्री हातात होती. बुडख्याशी वाकून पाहिले. बायकांचे सूत पावसाने भुरकट झाले आहे, शेवाळले आहे. त्यातून एक जाड पिवळट दोरा वेगळा ओळखू येतो, फुले ओवायचा. तो सर्वांत दाट फुटव्यांवरून गेला आहे. तिथे एक काप घेतला असता तर दोन उत्तम फुटवे मोकळे झाले असते आणि त्यांतला एक ठेवता आला असता.

एक म्हातारे गृहस्थ आले. पालकाची जुडी केवढ्याला, म्हणून विचारले. मला भाव माहीत नव्हता. मालनबाई येईपर्यंत थांबा म्हणाले. ते सावलीत थांबले, मीही थांबले.

कापूस दमट हवेत कुजतो. माझ्या अंदाजाने दिवाळीपर्यंत दोरा आपोआप गळेल. तोपर्यंत विरळणी पुढे ढकलली आहे. कारण एवढेच की कुजण्याचा वेग मला निरीक्षणासाठी हवा आहे.